अपेडाचं सभासदत्व: संत्रावाल्या कंपनीला ५,९०० रुपयांत काय मिळतं

वरुड-मोर्शीकडे शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच कोणीतरी म्हणतं, "अपेडाचं काढून टाकू." काढा, पण हा कागद काय आहे ते आधी पाहून घ्या. अपेडा म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था. पूर्ण नाव नोंदणी-नि-सभासदत्व प्रमाणपत्र, बोलण्यात आरसीएमसी. अपेडाच्या यादीतला माल (फळं, भाजीपाला, धान्य, गूळ, मध वगैरे) परदेशी पाठवायचा तर ही नोंदणी लागते. ग्राहक तिच्यासोबत येत नाही, तो तुम्हीच शोधायचा.

फी ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. मुदत पाच वर्षं. पैशाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

अडचण कागदांत आहे. अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर होतो आणि त्याआधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढावा लागतो. त्याची फी ५०० रुपये, क्रमांक म्हणजे कंपनीचा पॅनच. गाडी अडते ती नावावर: पॅनवर "प्रोड्युसर कंपनी लिमिटेड", चेकवर "प्रो. कं. लि.", अर्जात तिसरंच काहीतरी. तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं करून घ्या, मगच फी भरा. नेट कॅफेवाल्याकडून अर्ज भरून घेत असाल तर मोबाईल आणि ईमेल कंपनीचाच टाका. नाहीतर पुढची पाच वर्षं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दुकानात चकरा.

आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये उघडून तपशील कायम असल्याचं नोंदवावं लागतं, काही बदललं नसलं तरीही. राहिलं तर तो निष्क्रिय होतो. जूनमध्ये सगळे पेरणीत असतात, तेव्हा हे काम एप्रिलातच उरकलेलं बरं.

अर्जात निर्यातदार मर्चंट (व्यापारी) की मॅन्युफॅक्चरर (उत्पादक), असा प्रश्न येतो. स्वतःचं प्रक्रिया युनिट नसेल तर मर्चंट. उगाच मोठं दिसायला मॅन्युफॅक्चरर टाकलं की युनिटचे कागद मागतात.

प्रमाणपत्र हाती आलं म्हणजे माल निघाला असं नाही. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) ज्या बंदरातून किंवा नाक्यावरून माल जाणार, तिथल्या कस्टममध्ये नोंदवावा लागतो. नागपुरातल्या अजनीचा कंटेनर डेपो वेगळा, न्हावा शेवा वेगळं, बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोल वेगळं. शिवाय दर खेपेला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) विभाग देतो, अपेडा नाही.

खरा फायदा अर्थसाहाय्याच्या योजनांत आहे. पॅकहाऊसची यंत्रं, गुणवत्तेची साधनं, परदेशातल्या प्रदर्शनांतला सहभाग यांसाठी नोंदणीकृत निर्यातदारालाच अर्ज करता येतो. नियम एकच पक्का धरा: आधी तत्त्वतः मंजुरी, मग खरेदी. ग्रेडिंग मशीनचं बिल मंजुरीच्या आधीच्या तारखेचं असेल तर ते धरलं जात नाही. आणि मंजूर झालं तरी पैसे आधी कंपनीच्या खिशातून जातात, परतावा मागून येतो. भागभांडवल तुटपुंजं असलेल्या कंपनीनं इथं जपून पाऊल टाकावं.

बगीचा ठोक्यानं व्यापाऱ्याला देत असाल तर हे सभासदत्व घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, कारण निर्यातदार तो व्यापारी असतो. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं किलोमागचं आयात शुल्क गेल्या काही वर्षांत कैकपट वाढलं आणि आंबिया बहाराचे भाव त्यात दबले. त्यावर या कागदाचा काही उपाय नाही, ती दोन सरकारांमधली बोलणी. आखाताकडे किंवा आणखी लांब कंटेनर पाठवायचा विचार असेल तर कागदाआधी तोडणी सुधारा. हातानं ओढलेल्या संत्र्याची साल देठाशी फाटते आणि बुरशी तिथूनच शिरते. कात्रीनं देठ बारीक ठेवून कापलेलं फळच तेवढा प्रवास झेलतं. तोडणीच्या टोळीला कॅरेटमागे मजुरी दिली, की कात्री बाजूला पडते हेही लक्षात ठेवा.

एक चूक वारंवार दिसते: संत्र्यासाठी अपेडा काढलं म्हणून त्याच कागदावर वायगावची हळद किंवा भिवापुरी मिरची पाठवायला निघायचं. ते चालत नाही. हळद-मिरचीची नोंदणी मसाला बोर्डाकडे, वेगळी फी भरून. आयईसी मात्र दोन्हीकडे तोच चालतो.