तेवढेच आम्ही घालतो, म्हणाला

आमच्या गावाचा शिष्यवृत्ती निधी उंबऱ्यामागे पाचशे रुपये असा जमतो. चैत्रातली यात्रा उरकली की दुसऱ्या दिवशी देवळापुढे बैठक बसते, यात्रेचा जमाखर्च वाचला जातो आणि त्याच बैठकीत बारावी होऊन बाहेर शिकायला जाणाऱ्या पोरांसाठी वर्गणी लिहिली जाते. गाव पाटण तालुक्यातलं, डोंगरातलं. बऱ्याच घरांतला एक तरी माणूस वाशीच्या बाजारात माथाडी आहे, त्यामुळे मुंबईचं ग्रामस्थ मंडळ वेगळी भर घालतं. सरकारची शिष्यवृत्ती फीचा भार उचलते, पण तिचे पैसे हातात पडेपर्यंत वर्ष सरत येतं. पोराला मात्र पहिल्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, गादी आणि पुस्तकं लागतात. निधी त्यासाठी आहे.

मी इथल्या हायस्कूलात गणित शिकवायचे. निवृत्त झाले तशी हिशोबाची वही माझ्याकडे आली. जुलै २०२४ मध्ये या वहीतले २ लाख ४० हजार रुपये माझ्या आणि मंडळाच्या सचिवांच्या सहीने एका भामट्याच्या खात्यात गेले. पैशांबरोबर सात मुलांची कागदपत्रंही गेली आणि त्याचा त्रास पैशांपेक्षा जास्त दिवस चालला आहे. गावोगावी असे निधी आहेत, म्हणून जे घडलं ते सगळं सांगते.

तो माणूस पहिल्यांदा आला २०२३ च्या गुणगौरव समारंभाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच एका मुलाने ओळख करून दिली होती, "आमच्या ओळखीतले सर आहेत, मोठ्या संस्थेचं काम बघतात." वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं शांत. कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९१९ साली आपल्याच सातारा जिल्ह्यात, काल्याला रयत शिक्षण संस्था कशी सुरू केली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्रसुद्धा कसं दिलं, हे तो बोलला तेव्हा मंडपात बसलेल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. मग त्याने तीन मुलांना पाच-पाच हजारांची पाकिटं दिली. आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही. ते पंधरा हजार त्याने आमचा विश्वास विकत घेण्यासाठी मोजले होते, हे मला वर्षाने कळलं.

२१ मे २०२४ ला बारावीचा निकाल लागला. आम्ही नेहमीप्रमाणे फ्लेक्स लावला, त्यावर मुलांचे फोटो, नावं आणि टक्के. तोच फोटो ग्रुपवर फिरला. आठवड्याभरात त्याचा फोन आला. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या, निधीतून योजना आली आहे, गाव जेवढे जमवेल तेवढेच कंपनी घालणार आणि दुप्पट रक्कम थेट मुलांच्या खात्यावर पडणार. अट एवढीच की गावाचा वाटा आधी संस्थेच्या खात्यात भरायचा, म्हणजे कंपनीला गावाचा सहभाग दाखवता येईल. वर प्राप्तिकरात सवलत देणारी ८०-जी ची पावतीही मिळणार.

आता समजतं की हे बोलणं मुळातच उलटं होतं. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि ते त्यांनी स्वतःच्या खिशातून करायचे असतात. गावाने आधी पैसे भरल्याशिवाय तो खर्च होत नाही, असं कुठेही नाही. शिवाय ज्या संस्थेमार्फत कंपनी हे काम करते, तिला २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करून सीएसआर क्रमांक घ्यावा लागतो. तो आम्ही मागितला नाही. असा काही क्रमांक असतो हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गावात आला. बरोबर एक पोरगा, त्याच्याकडे अंगठ्याचं मशीन. नऊ मुलं निवडली होती, पण तो म्हणाला अठरा पूर्ण असलेलीच योजनेत बसतात, बाकीच्या दोघांचं पुढच्या टप्प्यात बघू. त्या दोन घरांना तेव्हा वाईट वाटलं होतं. सात मुलांची आधार कार्डं, पॅन कार्डं, फोटो घेतले. प्रत्येकाच्या नावाने नवं सिम आणि नवं खातं काढायचं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "पैसे सोडताना ओटीपी येतो, तो आमच्या ऑफिसला लागतो. मुलं कॉलेजात असतात, फोन उचलत नाहीत." शाळेच्या व्हरांड्यात, मी स्वतः खुर्ची टाकून बसलेले असताना, मुलं एकामागून एक अंगठे देत होती. "नीट आला नाही, परत ठेव," असं तो पोरगा जवळपास प्रत्येकाला म्हणाला. दुसऱ्यांदा ठेवलेल्या अंगठ्यावर दुसरं सिम निघत होतं. पासबुकं आणि एटीएम कार्डं पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर समारंभात एकदम वाटू, असं ठरलं.

बँकेतला दिवस मला अजून लख्ख आठवतो. रद्द केलेल्या चेकची प्रत त्याने दिली होती, त्यावरून मी आरटीजीएसचा, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवायचा, फॉर्म भरत होते. चेकवर संस्थेचं नाव नव्हतं. कुठल्याशा एंटरप्रायजेसचं चालू खातं होतं. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो जराही न अडखळता म्हणाला, "बाई, ते आमच्या फंड मॅनेजमेंटचं खातं आहे, ऑडिटसाठी वेगळं ठेवतो." काउंटरवरचा कारकून माझा जुना विद्यार्थी. त्याने फॉर्म पाहिला आणि हळूच विचारलं, "बाई, हे ट्रस्टचं खातं दिसत नाही. आज थांबायचं का?" मी त्याला म्हणाले, माझं बोलणं झालंय. त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारला. त्या पोराने मला वाचवायला हात पुढे केला होता.

पंधरा ऑगस्टला तो आला नाही. मंडप घातला होता, मुलांचे आईबाप बसले होते. फोन तीन दिवस वाजत राहिला, चौथ्या दिवसापासून बंद.

इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली आणि तीही आमच्या शरमेपोटी. पोलिसांत जाऊ असं मी म्हटलं, पण जोर लावला नाही. सरपंच म्हणाले, बोभाटा झाला तर पुढच्या वर्षी कोण वर्गणी देईल? सचिव म्हणाले, गौरी-गणपतीला मुंबईची मंडळी गावी येतील, तेव्हा सगळ्यांसमोर सांगू. गणपती होते ७ सप्टेंबरला. तीन आठवडे आम्ही गप्प बसलो. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे हे मला माहीत होतं, शाळेत त्याचं पोस्टर मीच चिकटवलं होतं. तिथे तक्रार जितकी लवकर जाईल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त, कारण असे पैसे काही तासांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतात. आम्ही तक्रार दिली तेव्हा एका खात्यात ३१ हजार ५०० रुपये अडकलेले सापडले, बाकीचे नाहीत. तेवढे परत मिळण्याची वाट बघतो आहोत. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली दाखल आहे.

गणपतीच्या आधी दोन दिवस कराडहून एका मुलीचा फोन आला होता. नर्सिंगला लागलेली, हुशार, घरी एकटी आई. रडत होती. "बाई, माझ्या नावावर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस आलीय. मी काय केलंय?" तिच्या नावाने काढलेल्या खात्यातून महिन्याभरात सहा लाखांच्या वर रक्कम फिरली होती. कुठेतरी दुसऱ्याच कुणाला लुबाडलेले पैसे या मुलांच्या खात्यांतून पुढे जात होते. सातपैकी पाच खाती अशी वापरली गेली. सिम त्यांचं, पण फोन त्या माणसाकडे. बँक म्हणते पोलिसांचं ना हरकत पत्र आणा, पोलीस म्हणतात जबाबाला या. अठरा वर्षांची पोरगी पहिल्यांदा रेल्वेचं एवढं लांबचं तिकीट काढते आणि ते पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाण्यासाठी. मी आणि तिचे मामा बरोबर गेलो. तिथले अधिकारी भले होते, त्यांनी ऐकून घेतलं, पण खातं मोकळं व्हायला पाच महिने गेले.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा उमगली. सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून येते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं, सगळ्यात शेवटी जोडलेलं. नव्या खात्यांना त्याने आधार जोडून घेतलं होतं. त्यामुळे दोन मुलांचा खराखुरा सरकारी हप्ता त्या गोठवलेल्या खात्यात जाऊन पडला. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं की आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते दोन मिनिटांत दिसतं. जुन्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून दिला की जोडणी परत तिकडे येते. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते दिसतं आणि नको ते बंद करायला सांगता येतं. आमच्या प्रत्येक मुलाच्या नावावर एकेक जास्तीचं सिम सापडलं. आईबापांनो, कुणीही कुठल्याही कारणाने मुलाचा अंगठा घेऊन गेलं असेल तर या दोन गोष्टी आजच बघा, आणि आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवा.

संस्थेची खरी ओळख कशी पटवायची, तेही आम्ही शिकलो. त्याच्या पावतीवरचा नोंदणी क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच एका जुन्या संस्थेचा उचललेला. क्रमांक छापलेला असणं पुरेसं नाही. धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्या क्रमांकाचा परिशिष्ट एकचा उतारा मिळतो, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. ती नावं आणि समोरचा माणूस यांचा संबंध काय, हे विचारायचं. ८०-जी ची पावती हातात आली म्हणून काही सिद्ध होत नाही. खरी संस्था देणग्यांची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते आणि त्यावरून देणगीचं प्रमाणपत्र देते. आणि खात्याचं नाव संस्थेच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही, तर चेकबुक पिशवीत परत ठेवायचं, मग फोनवर कोणी काहीही सांगो.

आमचाही निधी नोंदणीकृत नव्हता, तिघांच्या नावावरचं साधं बचत खातं होतं. आता नोंदणीचा अर्ज दिला आहे. पैसे आता खोलीमालकाला, मेसला किंवा कॉलेजला आमच्या खात्यातूनच जातात. मध्ये कुणी नाही.

गणपतीतल्या बैठकीत मी उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. तीस वर्षं वाशीला गोणी वाहिलेले एक तात्या एवढंच म्हणाले, "बाई, पैसं पुन्हा जमतील. तुमी तवाच का नाय सांगितलं? आमी काय परकं हाय का?" २०२५ च्या यात्रेनंतर वर्गणी परत लिहिली गेली. ३७ घरांनी दिली नाही, आणि मी त्यांना पुन्हा विचारायला गेले नाही.

त्या नऊ जणांत एक मुलगा होता, गणितात ९४ मार्कांचा. पुण्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. खोलीच्या डिपॉझिटचे पैसे पंधरा ऑगस्टला मिळतील म्हणून घरमालकाला थांबवून ठेवलं होतं. ते आले नाहीत तेव्हा तो वडिलांबरोबर वाशीला गेला आणि गाळ्यावर पावत्या लिहायला लागला. यंदा निधीतून त्याचं नाव पहिलं काढून मी त्याला भेटायला बाजारात गेले. त्याने मला चहा पाजला, पाया पडला. मग म्हणाला, "बाई, बहीण आता बारावीला आहे. ते पैसे तिच्यासाठी ठेवा."