दादरचे फुलवाले काका: लग्नाचे हार आणि शेवटचेही

दादर स्टेशनच्या पश्चिमेला, फूलबाजारात बसणाऱ्या एका काकांकडून आमच्याकडे वर्षानुवर्षं फुलं येतात. मुलीच्या लग्नाचे हार त्यांनीच केले. निशिगंधाच्या एकसारख्या निवडून घेतलेल्या कळ्या, मध्ये लाल गुलाब, खाली भरगच्च गोंडा. रिसेप्शन संपेपर्यंत एक कळी मान टाकायला तयार नव्हती!

त्याच वर्षी सासरे गेले. पहाटे मुलगा धावत गेला. काकांच्या मांडीवर कुणाच्या तरी मुंडावळ्या अर्धवट ओवलेल्या होत्या. त्या बाजूला ठेवून त्यांनी आधी आमचा पांढऱ्या शेवंतीचा हार गुंफला, तुळशीची माळ आणि सुटी फुलं वेगळ्या पुडीत बांधली. एरवी एवढे बोलके, पण त्या दिवशी फक्त "आजोबा का?" इतकंच विचारलं. मग पुन्हा मुंडावळ्या हातात घेतल्या. हे मुलाने घरी सांगितलं तेव्हा मला फार आधार वाटला.

भाव थोडा चढाच असतो, दसऱ्याला तर झेंडूला हात लावायची सोय नसते. पण माल ताजा. लग्नाची ऑर्डर आठवडाभर आधी द्या. मयताच्या फुलांना मात्र ते कधीच नाही म्हणत नाहीत.