आधी आराखडा की आधी खर्डा?

समजा, एम.ए.ला इतिहासाचा दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे: '१८७५च्या दख्खनच्या दंग्यांना सावकारच कारणीभूत होते का?' हातात तीन आठवडे. आधी मुद्दे आखून घ्यावेत, की सरळ लिहायला बसावं?

आराखड्याचा फायदा लगेच दिसतो. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध दंगा पेटला. त्यामागे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळात कापसाच्या तेजीमुळे सैल झालेली आणि तेजी ओसरल्यावर आवळलेली पत, वाढवलेला शेतसारा, कोर्टाच्या जप्त्या. एवढं कागदावर मांडलं की कुठल्या मुद्द्याला किती जागा द्यायची आणि कशाला पुरावा कमी पडतोय ते कळतं, वाचनही नेमकं होतं. पण शाळेपासून अंगवळणी पडलेली 'आर्थिक कारणे, सामाजिक कारणे' ही मांडणी इथे हमखास डोकावते. कारणं ओळीने उभी राहतात आणि प्रश्नातल्या 'सावकारच'मधल्या 'च'चं उत्तर राहूनच जातं. गुण जातात ते तिथे.

खर्डा आधी लिहिला की हाच 'च' टोचत राहतो. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. हे लिहिताना चौथ्या पानावर कधीतरी सुचतं, की राग नुसत्या सावकारावर नव्हता, त्याच्या कागदाला कोर्टात आलेल्या वजनावरही होता. दंग्यांनंतर शेतकऱ्यांसाठी झालेल्या १८७९च्या कायद्याने कोर्टांना रोख्यामागचा मूळ हिशेब तपासायची मुभा दिली, ती इथे पुरावा म्हणून चपखल बसते. निबंधाचा कणा सापडला! मात्र आधीची तीन पानं बहुतेक टाकावी लागतात, आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टिपले नसतील तर तळटीपांपायी अख्खी रात्र जाते.

निवड स्वभावावर सोडू नका. प्रश्नाचं उत्तर आज एका वाक्यात, 'कारण' हा शब्द घालून सांगता येत असेल, तर आराखडा करा. येत नसेल तर खर्डा, पण पहिल्याच आठवड्यात. शेवटचे दोनच दिवस उरले असतील तर खर्ड्याच्या वाटेला जाऊच नका; तो पुन्हा लिहायला वेळ मिळत नाही.

मी स्वतः खर्डा झाल्यावर समासात प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एका वाक्यात लिहितो. ज्याचं वाक्य होत नाही, तो परिच्छेद कितीही आवडता असला तरी काढतो.