सीसीएस तर मिळतंय, मग सेंटर की फॅमिली डे केअर?

ऑस्ट्रेलियात पीआरवर (कायमच्या रहिवासाच्या व्हिसावर) नवीन आलेल्या, एक पगार कसाबसा आणि दुसरा अजून शोधात अशा घरांसाठी हे लिहितोय. सीसीएस म्हणजे चाइल्ड केअर सबसिडी, चाइल्डकेअरच्या फीत सरकारकडून मिळणारी मदत; ती कुणाला मिळते, मायगव्ह या सरकारी साइटवरून क्लेम कसा टाकायचा हे तुम्ही एव्हाना पाठ केलेलं असणार, त्यात वेळ घालवत नाही. २०२५-२६ मध्ये दोघांचं मिळून उत्पन्न साधारण ८५ हजार डॉलरच्या आत असेल तर ९० टक्के, पुढे दर पाच हजाराला एक टक्का कमी, हे धरून चालू. प्रश्न आहे की ही सबसिडी घेऊन लेकरू ठेवायचं कुठे, मोठ्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये की कुणाच्या घरी चालणाऱ्या फॅमिली डे केअरमध्ये. टक्का दोन्हीकडे तोच लागतो. आमची लेक आधी सेंटरमध्ये होती, मग फॅमिली डे केअरमध्ये, त्यामुळे दोन्हीची थोडीफार चव घेऊन झालीये.

आधी पैशाचं उरकतो. ९० टक्के म्हटलं की वाटतं शंभरातले दहाच आपले, पण ते ९० टक्के नेहमी पूर्ण फीवर नसतात, तासाची फी आणि सरकारने ठरवलेली तासाची कॅप (कमाल मर्यादा) यातलं जे कमी त्यावर असतात. शाळेआधीच्या वयासाठी सेंटरला ताशी १४.६३ डॉलर आणि फॅमिली डे केअरला १३.५६, हे २०२५-२६ चे आकडे. कॅपच्या वरचं सगळं तुमच्या खिशातून. समजा सेंटरची दिवसाची फी १५० आहे आणि सेशन, म्हणजे फी लावतात तो सलग वेळ, १० तासांचं, तर ताशी १५ पडले, कॅपच्या वर गेलात. तुमची गॅप, म्हणजे सबसिडी वजा जाता आपण भरायची रक्कम, साधारण १८ डॉलर, शिवाय सबसिडीतले ५ टक्के वर्षअखेरच्या हिशोबासाठी रोखून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात जातात २५. फॅमिली डे केअरला ताशी १४ धरा आणि मूल सातच तास ठेवा, तर सगळं धरून १७ च्या आसपास. पण लगेच खूश होऊ नका, बऱ्याच सेंटरमध्ये जेवण फीमध्येच असतं आणि फॅमिली डे केअरला डबा बहुतेक वेळा आपणच द्यायचा असतो, काही ठिकाणी वरून ॲडमिन लेव्ही (कागदपत्रांच्या कामाचे जादा पैसे) पण लावतात. आमच्या घरी महिन्याच्या शेवटी फरक जाणवायचा, पण फार मोठा नाही.

खरा फरक तासांचा आहे. सेंटर पूर्ण दिवसाचं सेशन लावतं, तुम्ही मूल ९ ला सोडा आणि ३ ला आणा, पैसे आणि सबसिडीचे तास दोन्ही पूर्ण सेशनचेच जातात. ५ जानेवारी २०२६ पासून थ्री डे गॅरंटी आली, काम असो नसो, पंधरवड्याला किमान ७२ तासांची सबसिडी मिळते (दोघांचंही काम किंवा शिक्षण पंधरवड्याला ४८ तासांच्या वर असेल तर १००). १२ तासांच्या सेशनने हे ७२ तास सहा दिवसांत संपतात. ९ तासांचं सेशन देणारं सेंटर मिळालं तर त्याच तासांत आठ दिवस बसतात, तेव्हा सेंटर घ्यायचंच असेल तर फीच्या आधी सेशन किती तासांचं ते विचारा, टूर देणारी मंडळी हे आपणहून सांगतातच असं नाही. फॅमिली डे केअरमध्ये बहुतेक ठिकाणी तासावर हिशोब असतो, किमान तासांची अट असू शकते, पण १२ तास गळ्यात पडत नाहीत.

तरीही माझं मन फिरवलं ते पैशांनी नाही, रोस्टरने, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाने. मी तेव्हा वेअरहाउसमध्ये कॅज्युअल (पक्के तास नसलेला कामगार) होतो, पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट आदल्या आठवड्यात शेवटी शेवटी मोबाइलवर यायच्या, बायकोची एज्ड केअरच्या (वृद्धांच्या देखभालीच्या) कोर्सची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, चालू, आणि सेंटरला आमचे वार पक्के ठरलेले. मग व्हायचं काय तर बुक केलेल्या मंगळवारी मी घरी बसलेलो, लेक पण घरी, गॅप मात्र चालू, आणि गुरुवारी शिफ्ट आली म्हणून सेंटरला फोन करावा तर "सॉरी, आज रूम फुल आहे". वार बदलायचा तर दोन आठवड्यांची नोटीस द्या, माझं रोस्टर मला दोन आठवडे आधी कळत असतं तर अजून काय हवं होतं! सोमवारच्या पब्लिक हॉलिडेला सेंटर बंद, फी चालू. गैरहजेरीतही सबसिडी मिळते, वर्षाला ४२ दिवस कारण न सांगता चालतात, त्यामुळे सरकारी बाजूने फार नुकसान नाही हे मान्य. पण गॅप आपली जातेच, आणि ज्या दिवशी खरंच गरज आहे त्या दिवशी जागा नाही याचं काय करायचं? गुरुवारची शिफ्ट नाही म्हटली की पुढच्या आठवड्यात शिफ्ट कमी येतात, कॅज्युअल केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. गंमत अशी की सबसिडी सगळ्यात जास्त मिळते कमी उत्पन्नवाल्यांना, आणि अशा अनिश्चित शिफ्ट करणारे पण बरेचसे तेच, पण सेंटरची बुकिंग पद्धत सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाचवाल्यांच्या मापाने शिवलेली.

मग घराजवळच्या एक श्रीलंकन बाई फॅमिली डे केअर चालवतात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की रविवारी रात्रीपर्यंत मेसेज कर, त्या दिवशी चारपेक्षा कमी मुलं असतील तर घेते. (फॅमिली डे केअरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ७ मुलं, त्यातली शाळेआधीची ४.) लेखी करारातच ठरलेले वार आणि गरजेप्रमाणे कॅज्युअल असं दोन्ही टाकलं, सीसीएसच्या नियमांत ते बसतं. सकाळी सहाला सोडायची पण सोय, त्या वेळेला ताशी दर थोडा जास्त. दरवेळी जागा मिळालीच असं नाही म्हणणार, पण शिफ्ट नाकारायची वेळ क्वचितच आली. लेक सर्दी-तापाने पण कमी आजारी पडली असं आम्हाला वाटलं, कदाचित मोठी होत होती म्हणून असेल, मुलं कमी म्हणून असेल, सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. बाई आजारी पडल्या की तुमची सोय गेली, सेंटरला कुणीतरी बदली माणूस येतो, इथे नाही. आणि त्या महिनाभर मायदेशी गेल्या तेव्हा आमची चांगलीच तारांबळ उडाली, नशिबाने माझी आई व्हिजिटर व्हिसावर आलेली होती (आजीने घरी सांभाळल्याबद्दल सरकार काही देत नाही बरं का, कुणीतरी विचारतंच म्हणून सांगितलं). रेटिंगचं पण एक आहे, स्टार्टिंग ब्लॉक्स या चाइल्डकेअरची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर फॅमिली डे केअरचं जे रेटिंग दिसतं ते संपूर्ण सर्व्हिसचं (ही घरं चालवणाऱ्या संस्थेचं), त्यांच्याखाली अनेक घरं असतात, त्या एका घराचं वेगळं रेटिंग नसतं. त्यामुळे घर स्वतः जाऊन बघायचं, शक्यतो मुलं असतानाच्या वेळेला. आणि मागे या क्षेत्रात न सांभाळलेल्या मुलांच्या नावावर सबसिडी उचलण्याचे बरेच घोटाळे झालेत, तेव्हा कुणी "गॅप राहू दे, फक्त तासांवर सही कर" म्हणालं किंवा गॅप रोख मागितली तर सरळ बाहेर पडा, जुलै २०२३ पासून गॅप इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यायचा नियम आहे.

दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या वेळेच्या असतील तर मी सेंटरला नाही म्हणणार नाही, तिथे सलगपणा आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना किंडर (शाळेआधीची बालवाडी) प्रोग्रॅम तिथल्या तिथे मिळतो, व्हिक्टोरियात तर २०२३ पासून फ्री किंडरमुळे तेवढी फीत सूटही मिळते. पण एकाचंही रोस्टर हलतं असेल आणि मूल तीनच्या आतलं असेल तर आधी फॅमिली डे केअर बघा असंच मी सांगेन, फक्त पहिल्या भेटीत वर्षभराच्या सुट्ट्यांच्या तारखा विचारून घ्या आणि त्या काळासाठी त्याच सर्व्हिसमधलं दुसरं घर मिळेल का ते पण.

कुठलंही निवडा, क्लेम आत्ताच टाका, मागचे फक्त २८ दिवस मिळतात. भारतातलं लसीकरणाचं कार्ड जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) इथल्या लसीकरणाच्या रजिस्टरवर चढवून घ्या, आमचं त्याच्यावाचूनच अडलं होतं. आणि कॅज्युअल असाल तर उत्पन्नाचा अंदाज थोडा वरचाच टाका, ते रोखून ठेवलेले ५ टक्के कमी करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, टॅक्स रिटर्ननंतर परत मिळालेले बरे, भरावे लागलेले नाही.