मंडपातल्या बाससाठी बेहरिंगर डीआय १०० : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

मराठवाड्यात ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्याला स्वतःचा अँप्लिफायर सोबत नेण्याची संधी क्वचितच मिळते. लग्नसराईत जालन्याचे लॉन, गणेशोत्सवात बीडचे एखादे मंडळ, हिवाळ्यात नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळचे गीतांचे कार्यक्रम आणि १४ एप्रिलला गावोगावचे जयंतीचे मंच, अशा वर्षभर फिरणाऱ्या संचाच्या गाडीत की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी-ढोलक, ड्रमचे सुटे भाग आणि माणसे भरल्यावर जी वस्तू सर्वांत आधी मागे राहते ती बासचा अँप्लिफायर असते. त्यामुळे बासवादकाचा आवाज रोज एका नव्या साउंडवाल्याच्या, नव्या मिक्सरच्या आणि नव्या स्पीकरच्या स्वाधीन होतो. गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये जी छोटी पेटी असायला हवी, तिला डी.आय. (डायरेक्ट इंजेक्शन) बॉक्स म्हणतात. बेहरिंगर कंपनीची अल्ट्रा-डीआय मालिकेतील डीआय १०० ही अशी पेटी मी बरीच वर्षे सर्व प्रकारच्या मंचांवर वापरली आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मला अनेक दिवसांपासून वाटत होते.

ही पेटी काय करते हे समजल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. बासच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल दुबळा असतो आणि त्याचा रोध, म्हणजे इम्पीडन्स, जास्त असतो. मिक्सरच्या नेहमीच्या लाइन इनपुटचा रोध साधारणतः १० ते २० हजार ओहम इतकाच असतो. बॅटरी नसलेला साधा बास अशा इनपुटमध्ये थेट खोचला की पिकअपवर भार पडतो, तारेला बोट लागतानाची धार निघून जाते आणि मागे उरतो तो गढूळ, आकार नसलेला आवाज. त्यातच मंचापासून मिक्सरपर्यंत दूरवर साधी गिटारची केबल ओढलेली असली, तर वरच्या कंपनांची आणखी गळती होते आणि वाटेतल्या लायटिंगच्या वायरींमधला गोंगाट केबल वेचत जाते. डी.आय. बॉक्स गिटारला जास्त रोधाचे इनपुट देतो आणि पुढे कमी रोधाचा, बॅलन्स्ड सिग्नल माइकच्याच तीन पिनांच्या केबलमधून पाठवतो. या केबलच्या दोन तारांमधला सिग्नल परस्परविरुद्ध धरून वाचला जात असल्यामुळे दोन्हींवर सारखाच बसलेला गोंगाट मिक्सरशी पोहोचल्यावर रद्द होतो. हे तंत्र नवे नाही. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या संगीत कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमर्सन यांचा बास अँप्लिफायरपुढे माइक न ठेवता थेट कन्सोलमध्ये घेतला जाई, आणि बासचा एकेक स्वर किती स्वच्छ ऐकू येऊ शकतो याचा धडा जगभरच्या वादकांनी त्या ध्वनिमुद्रणांतून घेतला.

आपल्याकडच्या मंचावर या पेटीची खरी परीक्षा होते ती वीज आणि अर्थिंगच्या बाबतीत. मंडपाला एका बाजूने महावितरणची जोडणी, दुसऱ्या बाजूने जनरेटर, की-बोर्डचा अडॅप्टर एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, अशी व्यवस्था असली की जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा तयार होतात आणि त्या वाटांतून फिरणारा प्रवाह स्पीकरमध्ये हमिंग होऊन बाहेर पडतो. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. बासच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे मोकळ्या ई तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा आणि मोकळ्या ए तारेचा ५५ हर्ट्झचा असतो. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) मिळणारा जी स्वर ४९ हर्ट्झचा आहे. याचा अर्थ असा की वीज स्वतःच आपल्या सर्वांत कामाच्या सप्तकात, किंचित बेसूर, अखंड वाजत राहते. तिचा दुपटीचा स्वर १०० हर्ट्झचा, आणि तो मोकळ्या जी तारेच्या ९८ हर्ट्झला जाऊन घासतो. इतर वाद्यांना हमिंग हा मागचा त्रास वाटतो, पण बासवादकाच्या बाबतीत तो त्याच्या स्वरांवरच चढून बसतो. साउंडवाला इक्वलायझरने हमिंग कापायला गेला तर बासचा पायाही त्याच्याबरोबर कापला जातो.

डीआय १०० वर ग्राउंड लिफ्टचे बटण आहे आणि माझ्या मते या पेटीची निम्मी किंमत त्या एका बटणात वसूल होते. ते दाबले की पेटीच्या आत आणि बाहेर जाणाऱ्या सिग्नलच्या ग्राउंडचा संबंध तुटतो, दुसरी वाट बंद होते आणि बहुतेक वेळा हमिंग जागच्या जागी थांबते. पेटी दोन प्रकारे चालते : आतल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर. फँटमची वीज केबलच्या आवरणावाटे परत जाते, त्यामुळे ग्राउंड पूर्ण तोडायचे असेल तेव्हा मी बॅटरीच वापरतो. शिवाय अनेक लहान मिक्सरांवर फँटमचे एकच बटण सर्व चॅनेलांना लागू असते आणि बाकीच्या चॅनेलांवर इतरांची तऱ्हेतऱ्हेची यंत्रे जोडलेली असल्यामुळे साउंडवाले ते चालू करायला बिचकतात. त्यांची ही भीती अगदीच अनाठायी नाही. साध्या डायनॅमिक माइकला योग्य केबलवरून फँटमचा अपाय होत नाही, परंतु चुकीच्या जोडणीने लावलेल्या यंत्राला तो होऊ शकतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा स्वतःची ताजी बॅटरी जवळ असणे उत्तम.

येथे एका गोष्टीवर थांबणे मला आवश्यक वाटते. हमिंग घालवण्यासाठी अँप्लिफायरच्या किंवा बोर्डच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही दिसते. ती जीवघेणी आहे. ग्राउंड लिफ्ट केवळ सिग्नलच्या ग्राउंडची जोडणी तोडतो, विजेच्या सुरक्षेची अर्थिंग तो तोडत नाही, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पावसाळ्यात मंडपाची जमीन ओली असते, गायक माइकला ओठ लावून उभा असतो आणि आपली बोटे धातूच्या तारांवर असतात. तिसरी पिन नसलेल्या यंत्रात बिघाड झाला तर प्रवाहाला जाण्यासाठी उरलेली वाट म्हणजे आपले शरीर. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर डी.आय. बॉक्सवर विसंबू नये; वाजवणे थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे, मग आयोजक कितीही घाई करोत.

संचातल्या इतरांना या पेटीमुळे काय मिळते, हे मला स्वतःच्या आवाजाइतकेच महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत बासचे काम बहुधा की-बोर्डवाल्याचा डावा हात करतो. त्यामुळे निराळा बासवादक घेतला की मानधनाचा एक वाटा वाढतो, आणि त्याचे स्वर प्रेक्षकांपर्यंत स्पष्ट पोहोचले नाहीत तर पुढच्या सुपारीला त्याला वगळणे सोपे जाते. बास गढूळ आला की की-बोर्डवाला नकळत डावा हात पुन्हा खाली आणतो, दोन बास एकमेकांवर आदळतात आणि ढोलकीचा धुम त्यात बुडून जातो. स्वच्छ सिग्नल मिळाल्यापासून आमच्या की-बोर्डवाल्या दादांचा डावा हात मधल्या सप्तकात मोकळा झाला आहे, ढोलकीवाल्याला धुमसाठी जागा मिळाली आहे आणि ऑक्टोपॅडवरच्या किकशी माझा स्वर कुठे जुळतो व कुठे सुटतो हे दोघांनाही ऐकू येते. गायिकेने तर मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावर कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, की-बोर्ड कमी करून बास मागायला सुरुवात केली, कारण मोठ्या आवाजाच्या मंचावर षड्जाचा आधार तिला तिथून अधिक पक्का मिळतो.

वेळेचाही प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहेत आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर कार्यक्रम त्या आत आटोपावा लागतो. पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे लांबली की कापला जातो तो वाद्ये तपासण्याचा वेळ. अशा गडबडीत साउंडवाल्याच्या हातात माइकची केबल लागेल अशी तयार पेटी दिली आणि ‘दादा, हा बास, फक्त गेन बघा’ एवढे सांगितले, की काम मिनिटाभरात होते. आपण आपल्या वाद्याची तयारी करून आलो आहोत हे पाहिल्यावर तोही अधिक आपुलकीने आवाज लावतो, असा माझा अनुभव आहे.

तालमीत या पेटीचा उपयोग वेगळा आहे. आमची तालीम पत्र्याच्या छताच्या लहान खोलीत होते. तेथे अँप्लिफायर लावला की खालचे स्वर कोपऱ्यांत साठून घुमू लागतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर आवाज चढवत जातो. त्यापेक्षा बास डी.आय.मधून छोट्या मिक्सरवर आणि तिथून हेडफोनवर घेतला तर चाल, ठेका आणि थांबे यांवर बोलता येते, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही आणि मोबाइलवर घेतलेल्या ध्वनिमुद्रणात कोण लयीत मागे पडतो हे स्पष्ट कळते. पेटीवर इनपुटला समांतर असा लिंकचा जॅक आहे. तालमीत मी त्याला ट्यूनर जोडून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या चाळीस अंशांपलीकडच्या कोरड्या उन्हात गाडीतून उतरवलेला बास सुरात राहत नाही, मानेचा बाकही बदलतो, आणि ट्यूनर कायम डोळ्यांसमोर असला की दोन गाण्यांच्या मध्ये सूर सावरता येतो. मंचावर अँप्लिफायर उपलब्ध असेल तर हाच जॅक त्याला द्यावा. त्यामुळे आपल्याला आवाज अँप्लिफायरमधून मिळतो आणि प्रेक्षकांना जाणारा सिग्नल त्याच्या बटणांपासून स्वतंत्र राहतो.

सिग्नल वीस-वीस डेसिबलने उतरवणारी दोन बटणेही पेटीवर आहेत. साध्या बासला त्यांची गरज नाही. बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह बास जोराने वाजवताना आवाज फाटत असेल तर एक बटण दाबावे.

या पेटीकडून काय अपेक्षू नये, हेही सांगायला हवे. तिच्यात टोनची बटणे नाहीत, आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर नाही, हेडफोनचा जॅक नाही. बोटांतून जे निघते ते ती पुढे देते. गायकाने ऐनवेळी काळी दोन (हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी) षड्ज म्हणून धरली तर चार तारांच्या बासवर खालचा षड्ज मिळत नाही, कारण तो मोकळ्या ई तारेच्याही अर्धा स्वर खाली असतो; तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, वरच्या सप्तकात घ्यावा लागतो, आणि तेथे आवाज भरदार ठेवणे हे उजव्या हाताचे काम आहे. तसेच या पेटीने आपल्याला मॉनिटर मिळत नाही. मंचावर स्वतःचा स्वर ऐकू येण्याची व्यवस्था निराळी मागावीच लागते, आणि नव्या वादकांनी ती संकोच न करता मागावी.

बॅटरीची चिंताच नको असेल त्यांनी पॅसिव्ह डी.आय.चा विचार करावा. रेडियल कंपनीचा जेडीआय हा त्यातला नावाजलेला नमुना असून त्यात जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला वीज लागत नाही आणि ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या राहतात, पण त्याची किंमत डीआय १०० च्या कित्येक पट आहे. ॲक्टिव्ह बास असेल तर पॅसिव्ह पेटी उत्तम जुळते. साध्या पॅसिव्ह बाससाठी, विशेषतः मानधनातून एकेक वस्तू जमवणाऱ्या आपल्यासारख्या वादकांसाठी, मी डीआय १०० चीच शिफारस करीन. जिल्ह्याच्या गावांत वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, ढोलक, अकूस्टिक गिटार सहज मिळतात, ही पेटी मात्र बहुधा मागवून घ्यावी लागते. मागवताना पक्के बिल घ्यावे आणि सोबत चांगल्या प्रतीची तीन पिनांची एक केबलही घ्यावी, कारण मंचावर उरलेली शेवटची केबल अनेकदा तुटक्या टाक्याची निघते. ज्यांच्या अँप्लिफायरवर ग्राउंड लिफ्टसह डी.आय. आउटपुट आहे आणि तो अँप्लिफायर दर कार्यक्रमाला गाडीत जातो, त्यांनी हा खर्च करण्याचे कारण नाही. इतरांनी अँप्लिफायरसाठी पैसे साठवण्याआधी ही पेटी घ्यावी, तिच्यावर पांढऱ्या पट्टीने आपले नाव लिहावे आणि कार्यक्रम संपल्यावर साउंडवाला केबली गुंडाळायला लागण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने काढून बासच्या पिशवीत ठेवावी.