१३० मिमीच्या पैशांत १२७ मिमी: टेलिस्कोप घेताना माझे २८,५०० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगतो: २८,५०० रुपये. त्यातले ३,००० बुकिंगचे, २२,५०० माल निघण्याआधी, १,८५० 'पॅकिंग आणि विमा' म्हणून आणि १,१५० ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माल सोडवताना. ॲपवरच्या जाहिरातीत होतं: १३० मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, आकडा आरशाच्या व्यासाचा), पॅराबोलिक आरसा, फोकल लांबी (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ६५० मिमी, इक्यू३ माउंट (दुर्बीण तोलणारा, ताऱ्यांमागे फिरवता येणारा आधार) मोटरसकट. खोक्यातून निघाली १२७ मिमीची नळी, त्यावर १००० मिमी फोकल लांबी छापलेली, आणि खाली इक्यू१, त्याहून हलका आधार. बदली झाली म्हणून विकतोय, दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय, ही सगळी बोलणी तुम्हाला पाठ असतील. ती इथे पुन्हा लिहीत नाही.

तीन मिलिमीटरने काय बिघडतं, असं मला चार जणांनी विचारलंय. बिघडतं ते तीन मिलिमीटरने नाही. साध्या न्यूटोनियनची नळी साधारण फोकल लांबीएवढी असते. ६५० ची नळी साठेक सेंटिमीटर, १००० ची जवळपास मीटरभर. माझ्याकडे आलेली नळी ४८ सेंटिमीटर आहे. एवढ्या आखूड नळीत १००० मिमी बसवायचे तर आत ५०० च्या आसपासचा गोलीय आरसा घालतात आणि फोकसरच्या, म्हणजे फोकस जुळवायच्या भागाच्या, तळाशी एक भिंग बसवून फोकल लांबी दुप्पट करतात. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. मूळ कल्पना वाईट नाही. गोलीय आरसा किरण एका बिंदूत आणत नाही, भिंग त्या दोषाशी जुळवून घडवलं आणि नेमक्या अंतरावर ठेवलं तर चालतं. स्वस्त दुर्बिणींत ते फोकसरच्या सरकत्या नळीतच असतं, म्हणजे फोकस करताना तेही पुढेमागे होतं आणि दोष पुन्हा वर येतो. ५० पटीला गुरू आणि त्याचे चार चंद्र बरे दिसतात. १२५ ला पट्टे पुसट. २५० ला फोकस सापडतच नाही, पिठूळ गोळा हलत राहतो. कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करायला लेझर लावला तर किरण त्याच भिंगातून जाऊन पसरतो. भिंग काढल्याशिवाय आरसे नीट जुळत नाहीत.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. तिसरा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा फोकसरजवळच्या स्टिकरवर F=१००० स्पष्ट वाचता येत होतं. मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "साहेब, कंपनीने जुन्या मॉडेलचं स्टिकर लावलंय, आत ६५० च आहे." आणि मी ते मानलं! नळी आणि फोकल लांबीचं गणित मला माहीत होतं. फोटोत नळीशेजारी पाण्याची बाटली उभी होती. बाटलीच्या उंचीवरून नळी मोजायला अर्धा मिनिट पुरला असता. स्टिकर खरं असेल तर नळी मीटरभर हवी, खोटं असेल तर साठ सेंटिमीटर हवी, आणि ती यातली कुठलीच नव्हती. एवढा उघड पुरावा समोर होता आणि मी बुकिंगचे पैसे टाकले.

माझी बाजूही सांगतो. पहिले दोन फोटो खरोखरच १३०/६५० चे होते, निळी नळी, निळंच झाकण. गुरू १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत (पृथ्वीच्या जवळ, सगळ्यात तेजस्वी) येणार होता, डिसेंबर अर्धा सरला होता, नवीन दुर्बिणीला दुकानदार पाच-सहा आठवडे सांगत होते. व्हिडिओ मागितला तर चंद्राचा व्हिडिओ आला, विवरं कोरून काढल्यासारखी. चंद्राच्या व्हिडिओवर जाऊ नका. ४० पटीला चंद्र कुठल्याही काचेतून सुंदरच दिसतो. मागायचा तर ताऱ्याचा मागा, फोकसच्या आत आणि फोकसच्या बाहेर. दोन्हीकडची वलयं सारखी दिसली तर आरसा ठीक. एका बाजूला कडा टोकदार आणि दुसरीकडे नुसता धूर दिसला तर सोडून द्या.

माउंटचं तर अजून वाईट. "मोटरसकट" हा शब्द खरा निघाला: नऊ व्होल्टच्या बॅटरीवरची छोटी मोटर, इक्यू१ ला लावलेली. इक्यू३ च्या आरए अक्षात (ध्रुवाकडे रोखलेला फिरता अक्ष) ध्रुवतारा पाहायला आरपार भोक असतं, इक्यू१ मध्ये नसतं. फोटोत एवढंच बघितलं असतं तरी पुरलं असतं. या नळीला बोट लावलं की चित्र चार-पाच सेकंद थरथरतं. दोनच्या आत थांबायला हवं. शिवाय आपल्याकडे ध्रुवतारा खूप खाली, पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंशांवर. अक्ष तेवढा खाली आणला की वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायाला आपटतो. ट्रायपॉड फिरवून दोन पायांमधली फट उत्तरेला करावी लागते. हे कोणी विक्रेता सांगत नाही. गडावर, पठारावर न्यायला हवी असेल तर १३० मिमीचा टेबलटॉप डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या. सहा-सात किलो वजन, ध्रुवाशी जुळवणीची भानगड नाही. बसायला मजबूत स्टूल मात्र हवं.

मग दारं झिजवली. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. जाहिरातीच्या ॲपने अकराव्या दिवशी तक्रार बंद केली, कारण पैसे ॲपबाहेर दिले. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." तिसऱ्यांदा भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) लिहून नेलं, दोन्ही दुर्बिणींचे फोटो शेजारी छापून नेले, तर हवालदार मला विचारतात, "तीन मिलिमीटरसाठी गुन्हा दाखल करू?" चार महिन्यांची बचत गेलेली असताना हे ऐकून घ्यायचं! रिकामं खोकं आलं असतं तर फसवणूक ठरली असती. खोक्यात भलतीच वस्तू आली की तो गैरसमज ठरतो. ग्राहक आयोगाचं पाहिलं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पण विकणारा व्यापारी आहे हे मीच सिद्ध करायचं, आणि तो तर बदली झालेला नोकरदार म्हणवतो. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी स्पीड पोस्टाने पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी तीन दिवस विक्रेत्याशी वाद घालण्यात घालवले. खोकं उघडतानाचा व्हिडिओ सील तोडण्याआधीपासून घ्या. "५२५ पट" लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचूच नका: मिमीच्या दुप्पट ही वरची मर्यादा, म्हणजे १२७ ला २५४, आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री दीडशेच्या वर जाता येत नाही. मीटरटेप नळीला लावून काढलेला फोटो मागा, आजच्या वर्तमानपत्रासकट. फोकसरमध्ये आयपीस (डोळ्याकडचं भिंग) न घालता वरून काढलेला फोटो मागा. तळाशी भिंग चमकलं की समजा. पैसे देण्याआधी जाहिरात एखाद्या जाणत्याला दाखवा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. तिथल्या कुणीही हे स्टिकर एका नजरेत ओळखलं असतं.

गेल्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच, बाटली तीच, किंमत २६,०००. स्टिकरवर आता काळी टेप लावलेली आहे.