जुनी बोर्दो की जुनी बर्गंडी?

दोन्ही फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतांतल्या वाइन, दोन्ही लाल, दोन्ही वीस वर्षं तळघरात आडव्या पडलेल्या. ग्लासात उतरल्या की मात्र स्वभाव कळतो.

बोर्दो म्हणजे द्राक्षांच्या जातींचं मिश्रण, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो. जाड सालीच्या काबर्नेमुळे टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट घटक, भरपूर, त्यामुळे तरुणपणी ती जीभ नुसती आवळून धरते. वर्षं सरतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो, कडेला विटकरी छटा येते आणि फळांच्या वासाच्या जागी देवदार, तंबाखू, नुकत्याच तासलेल्या शिसपेन्सिलीचा वास येतो. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, मग मेणबत्तीच्या उजेडात हळूहळू ओतावी. बाटलीच्या खांद्यापाशी गाळ दिसला की थांबायचं.

लाल बर्गंडीत जवळजवळ नेहमी द्राक्षाची एकच जात, पिनो न्वार. साल पातळ, रंग फिका. नवख्याला पाणचटच वाटेल. पण वास घेत राहा: सुकलेला गुलाब, भिजलेला पालापाचोळा, अळंबी. डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून हा नाजूक वास उडवून लावणारे मला बघवत नाहीत. सरळ मोठ्या पोटाच्या ग्लासात ओता, १५-१६ अंशांना. बोर्दो १७-१८ला चालते.

लेबलाचं म्हणाल, तर बोर्दोत १८५५च्या दर्जाच्या वर्गवारीने मान शातोला, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याला, दिला. बर्गंडीत तो जमिनीच्या तुकड्याला. एकाच तुकड्याचे मालक अनेक, त्यामुळे नाव तेच आणि चव भलतीच, हे तिथे नेहमीचं. पहिलीच जुनी बाटली उघडणार असाल तर बोर्दो घ्या. मी स्वतः बर्गंडीवर पैसे घालवतो आणि निम्म्या वेळा पस्तावतो.